रेणू कुठे बसला?

कोळशाची शेगडी तुम्ही पाहिली असेल. निखारे चांगले फुलले, की शेगडीतून धूर येत नाही. मग एखाद्याला वाटते, आता ती आत घ्यायला काय हरकत आहे? थंडीच्या दिवसांत अशी शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून माणसे झोपतात आणि त्यांतली काही सकाळी उठतच नाहीत. अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात. खोलीत धूर नव्हता, कसला वासही नव्हता. मग ही माणसे कशाने दगावली?

कोळसा जळतो, तेव्हा त्यातील कार्बनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. हवा भरपूर असेल, तर कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळतात व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. खोली बंद असली, की ऑक्सिजन अपुरा पडतो. मग कार्बनच्या काही अणूंना ऑक्सिजनच्या एकेका अणूवरच भागवावे लागते. अशा रीतीने जो वायू तयार होतो, त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. त्यात लोहाचे अणू असतात. श्वासाबरोबर आत आलेला ऑक्सिजन या लोहावर बसतो आणि शरीरभर फिरतो. कार्बन मोनॉक्साइडही याच लोहावर बसतो; आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बसतो. एकदा त्याने जागा धरली, की ऑक्सिजनला बसायला जागा उरत नाही. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

ब्रिटनमध्ये कोळशाच्या पुष्कळ खाणी होत्या. खाणीत स्फोट झाला, की अनेक कामगार मरत. ते स्फोटाच्या दणक्याने मेले, असे पुष्कळांना वाटे. जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञांनी याचा कसून तपास केला. १८९६ साली त्यांनी दाखवून दिले, की बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. हाल्डेन यांनी एक उपायही सुचवला. खाणीत उतरताना लहान पक्षी बरोबर न्यावा. कॅनरीसारखा चिमुकला पक्षी फार भरभर श्वास घेतो. त्यामुळे विषारी वायूचा परिणाम माणसाच्या आधी त्याच्यावर होतो. पक्षी दांडीवरून खाली पडला, की कामगारांनी ओळखावे आणि तत्काळ बाहेर पडावे. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनची छोटी नळकांडीही जोडलेली असे. तिच्यातील ऑक्सिजन सोडून त्या पक्ष्याला शुद्धीवर आणत. ब्रिटनच्या खाणींतील कॅनरी काढून त्यांच्या जागी विजेवर चालणारी यंत्रे ठेवण्याचे १९८६ साली ठरले. म्हणजे किती वर्षे हे पक्षी माणसांना सांभाळत होते, पाहा!

आता या वायूची दुसरी बाजू पाहू. तो लोहावर बसतो, तसाच प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, तांबे अशा इतर धातूंवरही बसतो. हीच त्याची खोड माणसाने आपल्या उपयोगाला लावली आहे.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते. सगळेच काही नीट जळत नाही. त्यामुळे मागच्या नळीतून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू रस्त्यावर येण्याआधीच त्याचा निकाल लावण्यासाठी त्या नळीला एक डबा जोडतात. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी, असंख्य बारीक छिद्रांची चिनीमातीसारखी वीट असते. छिद्रांच्या आतून प्लॅटिनम व त्याच्या जातीच्या धातूंचे अतिशय सूक्ष्म कण पसरलेले असतात. कार्बन मोनॉक्साइडचे रेणू या धातूवर येऊन बसतात. ऑक्सिजनही तेथे येतो. शेजारी शेजारी आले, की त्यांचा संयोग होतो आणि कार्बन डायऑक्साइड बनून निघून जातो. धातू मात्र जेथल्या तेथे राहतो. तो स्वतः खर्च होत नाही, फक्त दुसऱ्यांची गाठ घालून देतो. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. मोटारींसाठी असे उत्प्रेरक इंग्लंडमधील रॉयस्टन या गावी जॉन्सन मॅथी या कंपनीने १९७४ साली बनवायला सुरुवात केली.

प्लॅटिनम फार महाग असते. ते वाया घालवून चालत नाही. म्हणून शास्त्रज्ञांना एक गोष्ट नेमकी जाणून घ्यायची होती. हा रेणू धातूवर बसतो, तो कसा? उभा की आडवा? धातूच्या एकाच अणूच्या डोक्यावर, की दोन अणूंच्या मधोमध? बसण्याची तऱ्हा कळली, तर तो केव्हा उठेल, कोणाशी संयोग पावेल, हेही कळेल.

पण हे पाहायचे कसे? एक मिलिमीटर म्हणजे तुमच्या मोजपट्टीवरील सर्वांत लहान भाग. तेवढ्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचे रेणू ओळीने बसवले, तर सुमारे २५ ते ३० लाख रेणू मावतील. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटाच मुळी या रेणूहून हजारपटींनी मोठ्या असतात. शाळेतील सूक्ष्मदर्शक येथे काही कामाचा नाही. शास्त्रज्ञांनी मदत घेतली ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची.

न दिसणारा प्रकाश? हो, असा प्रकाश असतो. त्याचा शोध लागला तोही इंग्लंडमध्येच.

लंडनच्या पश्चिमेस स्लाउ नावाचे गाव आहे. आज तेथे अनेक भारतीय कुटुंबे राहतात. दोनशे वर्षांपूर्वी तेथे विल्यम हर्शेल राहत असत. ते मूळचे जर्मनीतील हॅनोव्हरचे. धंद्याने ते संगीतकार होते. इंग्लंडमधील बाथ या शहरी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. पण आकाशाचे त्यांना वेड लागले. दुर्बिणीचे आरसे ते स्वतःच्या हातांनी घासून तयार करत. त्यांची बहीण कॅरोलाइन त्यांना या कामात साथ देई. पुढे तिनेही अनेक धूमकेतू शोधून काढले. १७८१ साली हर्शेल यांना युरेनस हा ग्रह सापडला आणि त्यांचे नाव जगभर झाले.

सूर्याकडे पाहताना डोळ्यांना इजा होऊ नये, म्हणून हर्शेल दुर्बिणीला रंगीत काचा लावत. तेव्हा त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. काही काचांतून उजेड थोडा येई, पण ऊब बरीच जाणवे. काहींचे बरोबर उलट होई. असे का? प्रत्येक रंगाची ऊब वेगळी असते की काय?

१८०० साली त्यांनी याचा छडा लावायचे ठरवले. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश जाऊ दिला. टेबलावर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचा पट्टा पडला. त्यांनी तापमापीचा फुगा काळा केला आणि तो एकेका रंगात ठेवला. जवळच, पण रंगांच्या बाहेर, आणखी तापमापी ठेवले. म्हणजे खोलीतील हवेचे तापमानही कळावे. जांभळ्या रंगात पारा थोडा चढला. हिरव्यात जरा जास्त. तांबड्यात त्याहून जास्त. मग त्यांनी तापमापी तांबड्या रंगाच्याही पलीकडे सरकवला. तेथे कोणताच रंग नव्हता. डोळ्यांना काही दिसत नव्हते. पण पारा तांबड्या रंगातल्यापेक्षाही वर चढला!

तेथे प्रकाश होता, फक्त तो दिसत नव्हता. या किरणांना आज अवरक्त किरण म्हणतात. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘रक्त’ म्हणजे तांबडा. तापलेल्या इस्त्रीजवळ, तिला न लावता, तळहात धरून पाहा. जी ऊब जाणवते ती बरीचशी या किरणांची. तुमच्या अंगातूनही हे किरण सतत बाहेर पडत असतात.

आता पुन्हा आपल्या रेणूकडे येऊ. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत एक कार्बनचा व एक ऑक्सिजनचा, असे दोनच अणू असतात. एका स्प्रिंगच्या दोन टोकांना दोन गोट्या बसवल्या आहेत, असे समजा. स्प्रिंग ताणून सोडली, की गोट्या जवळ येतात, दूर जातात, पुन्हा जवळ येतात. रेणूतील अणूही असेच हलतात. याला कंपन म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडचा मोकळा रेणू एका सेकंदात सुमारे ६४ लाख कोटी वेळा कंप पावतो. हा आकडा वहीत लिहून पाहा, किती शून्ये येतात ते!

झोपाळ्यावर बसलेल्या मैत्रिणीला तुम्ही झोका देता. कसाही धक्का देऊन झोका चढत नाही. झोपाळ्याच्या लयीत, नेमक्या वेळी धक्का द्यावा लागतो. अवरक्त किरणांचेही तसेच असते. त्यांनाही लय असते. ज्या किरणाची लय रेणूच्या कंपनाशी जुळते, तो किरण रेणूला झोका देतो आणि त्यातच खर्च होतो. बाकीचे किरण तसेच पुढे निघून जातात. म्हणून सर्व लयींचे अवरक्त किरण रेणूंवर सोडायचे आणि पलीकडे काय काय पोहोचले ते यंत्राने मोजायचे. यंत्र कागदावर आलेख काढते. जो किरण खर्च झाला, तेथे आलेखात खड्डा पडतो. खड्डा कुठे पडला ते वाचले, की रेणू कोणत्या लयीत हलतो ते कळते.

आणि येथेच गंमत आहे. रेणू धातूवर बसला, की त्याची लय बदलते. तंबोऱ्याची तार सैल केली, की सूर खाली उतरतो ना? धातूवर बसताना रेणूची कार्बन आणि ऑक्सिजन यांना जोडणारी स्प्रिंग जरा सैल पडते. प्लॅटिनमच्या एकाच अणूच्या डोक्यावर रेणू बसला, तर कंपने सेकंदाला सुमारे ६३ लाख कोटी होतात. तोच रेणू दोन अणूंच्या मध्ये पुलासारखा बसला, तर धातूची पकड वाढते, स्प्रिंग आणखी सैल होते आणि कंपने सुमारे ५५ लाख कोटींपर्यंत खाली येतात. आलेखातील दोन खड्डे स्पष्ट वेगळे दिसतात. रेणू न पाहता तो कोठे बसला, ते असे ओळखता येते. हर्शेलसारख्या संगीतकाराला हे ऐकून आनंद झाला असता.

हे सांगायला सोपे, पण करायला भलतेच अवघड आहे. धातूच्या पत्र्यावर रेणूंचा एकच थर बसतो. एवढ्याशा थरात खर्च होणारे किरण ते किती! आलेखात खड्डा पडला तरी तो ओळखू येणार नाही.

त्यावर पहिला उपाय निघाला तो भुकटीचा. गुळाचा खडा फोडून चुरा केला, की त्याचा पृष्ठभाग वाढतो. वाळूच्याच जातीच्या सिलिका या पदार्थाची फार बारीक भुकटी मिळते. अशा एका ग्रॅम भुकटीचा सगळा पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरपर्यंत भरतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत दीड कबड्डीचे मैदान! या भुकटीवर धातूचे सूक्ष्म कण बसवायचे, तिची पातळ चकती दाबून तयार करायची आणि तिच्यातून अवरक्त किरण सोडायचे. आता एका थराऐवजी हजारो थर किरणांच्या वाटेत येतात. अमेरिकेत आयशेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात असे प्रयोग केले. ब्रिटनमध्ये हे काम नॉर्मन शेपर्ड यांनी वाढवले. त्यांचा जन्म १९२१ साली हल या बंदराच्या शहरी झाला. केंब्रिज येथे काम केल्यावर १९६४ साली ते नॉर्विच शहरातील नव्यानेच सुरू झालेल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात गेले. रेणू धातूवर कसे बसतात, या एकाच प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला. २०१५ साली ते वारले.

अशा प्रयोगशाळेतील एक वस्तू तुम्हांला नक्की आवडेल. ती म्हणजे मिठाची खिडकी. आपल्याला काच आरपार दिसते. पण या अवरक्त किरणांना काच म्हणजे भिंतच. ते काचेतून जात नाहीत. मिठातून मात्र सहज जातात. म्हणून मिठाच्या मोठ्या स्फटिकातून चकत्या कापून, घासून, चकचकीत करून त्या उपकरणाला खिडकी म्हणून बसवत. पण मीठ ते मीठच! दमट हवेत ते ओलसर होते. इंग्लंडात पाऊस काही कमी पडत नाही. या खिडक्या धुरकट होऊ नयेत म्हणून त्या कोरड्या डब्यात जपून ठेवाव्या लागत. ओल्या बोटाचा स्पर्श झाला, तरी खिडकीवर डाग राहिलाच म्हणून समजा.

भुकटीने एक प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. भुकटीतले धातूचे कण ओबडधोबड असतात. एकाला एक बाजू, दुसऱ्याला दुसरी. एखादा रेणू नेमक्या कोणत्या बाजूवर बसला, ते कसे सांगणार? त्यासाठी पुन्हा सपाट, स्वच्छ धातूकडेच वळायला हवे होते. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉन प्रिचर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले. त्यांनी किरण वरून सरळ न सोडता अगदी तिरपे, धातूला जवळजवळ घासून जातील असे सोडले. मावळतीचे ऊन तलावाच्या पाण्यावरून कसे सरपटत येते, तसे. अशा तिरप्या किरणाचा धातूवर बसलेल्या रेणूंशी चांगला संबंध येतो. १९७० साली तांब्यावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा खड्डा त्यांना आलेखात सापडला. एकच थर, आणि तरी तो दिसला!

या प्रयोगात धातू स्वच्छ असावा लागतो. स्वच्छ म्हणजे तुमच्या आईने चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीइतका नव्हे. उघड्या हवेत धातू ठेवला, की डोळ्याचे पाते लवण्याआधीच हवेतील रेणू त्याच्यावर येऊन बसतात. म्हणून पोलादी भांड्यात धातू ठेवून त्यातील हवा पंपांनी उपसतात. ती इतकी उपसतात, की लाख कोटी भागांतला एक भागही शिल्लक राहत नाही. किरण मोजणारे यंत्रही बहुधा द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते. नाहीतर त्याची स्वतःचीच ऊब मोजणीत घोटाळा करते.

आता राहिला प्रश्न उभा की आडवा, याचा. त्याचे उत्तर धातूच देतो. धातूमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे सूक्ष्म कण मोकळेपणी फिरत असतात. रेणू धातूवर आडवा पडून कंप पावू लागला, की हे इलेक्ट्रॉन बरोबर उलट दिशेने सरकतात. दोन्ही हालचाली एकमेकींना पुसून टाकतात. किरणाला काही समजतच नाही. रेणू उभा राहून कंप पावला, तर मात्र इलेक्ट्रॉन त्याला साथ देतात आणि खड्डा चांगला खोल पडतो. म्हणजे खड्डा पडला तर कंपन उभे. पडायला हवा असून पडला नाही, तर बहुधा ते आडवे.

कच्ची केळी पिकवणारा एथिलीन वायू तुम्हांला ठाऊक नसेल, पण आढीत त्याचेच काम चालते. धातूच्या कणांवर बसलेल्या एथिलीनच्या आलेखात काही खड्डे असायला हवे होते, ते सापडत नव्हते. १९७६ साली पिअर्स व शेपर्ड यांनी सुचवले, की हा उभ्या-आडव्याचा नियम सपाट पत्र्याला आहे, तसाच धातूच्या बारीक कणांनाही असावा. मग न पडलेले खड्डेही वाचता येऊ लागले.

आता त्या मोटारीच्या डब्यात डोकावू. धातूवरील अणूंची रांग म्हणजे एस. टी. तील बाके, असे समजा. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूला एक जागा पुरते. ऑक्सिजनचे तसे नाही. त्याच्या रेणूतील दोन अणू आधी सुटे व्हावे लागतात आणि त्यासाठी त्याला शेजारशेजारच्या दोन मोकळ्या जागा हव्यात. गाडी नुकतीच सुरू केली, डबा थंड आहे, अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड घाईने येऊन सगळी बाके अडवतो. ऑक्सिजन दारातच उभा! संयोग होत नाही आणि विषारी वायू तसाच बाहेर पडतो. डबा दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे तापला, की कार्बन मोनॉक्साइडचे काही रेणू उठू लागतात, जागा होतात, ऑक्सिजन आत शिरतो आणि काम जोरात सुरू होते. प्लॅटिनमवर हे नेमके कसे घडते, ते टप्प्याटप्प्याने उलगडणारे जर्मनीचे गेऱ्हार्ड एर्टल यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या डब्याला एक गोष्ट अजिबात चालत नाही. ती म्हणजे शिसे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. ते धातूवर एकदा बसले, की उठतच नाही. मग कार्बन मोनॉक्साइडलाही जागा नाही आणि ऑक्सिजनलाही नाही. म्हणून डब्यांबरोबर बिनशिशाचे पेट्रोलही आणावे लागले. ब्रिटनमध्ये १९९३ पासून नव्या पेट्रोल मोटारींना असे डबे बसू लागले. आपल्याकडे १९९५ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या मोटारींपासून त्याची सुरुवात झाली.

गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे मात्र अजूनही अडचणीचीच आहेत. थंड डब्यातही ऑक्सिजनला जागा मिळावी, म्हणून धातूंची निरनिराळी मिश्रणे करून पाहतात. प्रत्येक नव्या मिश्रणावर कार्बन मोनॉक्साइड सोडायचा, त्यावर अवरक्त किरण टाकायचे आणि आलेखातला खड्डा ६३ जवळ पडतो की ५५ जवळ, ते पाहायचे, असे हे काम चालू आहे.